शेपू घातलेला बटाटा धरायचा का?

लीड्स,
रविवार, ३१ जुलै १९८८

ती. मधुताईस सुमनचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घालते आहे, पंधरा दिवस गाडीत बसून कंबर धरली आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींनी चहातली साखर कमी केली का? केली नसणारच.

शशिधरला हॉस्पिटलातल्या डॉक्टरकीतून एकदाची रजा मिळाली, आणि त्याने मला, सुनीतीला आणि उल्काला गाडीत घातलं, गाडी बोटीत घातली आणि डेन्मार्कला नेऊन उतरवलं. देश छान गं! रस्ते असे की त्यावर रांगोळी काढावी. फक्त रात्रीचे दहा वाजले तरी सूर्य मावळत नाही. मी वात तयार करून बसायची, पण तिन्हीसांज होईल तर शपथ. शेवटी सूर्यालाच नमस्कार करून निजायची.

पण ताई, बटाटा! ह्यांच्या अस्थी घेऊन आपण काशीला गेलो, तेव्हा मी बटाटा सोडला, तुला आठवत असेलच. ह्यांना बटाट्याची भाजी प्राणाहून प्रिय, म्हणून सोडला. (तू कारलं सोडलंस. जन्मात कधी तोंडात घातलं होतंस? पण ते असो.) आणि इथे शाकाहारी म्हटलं की हॉटेलवाले हसतमुखाने बटाटाच आणतात. उकडलेला, तळलेला, दह्यातला, एके ठिकाणी तर चक्क साखरेत परतलेला. बाकी सगळ्याला माशाचा वास. सुनीतीने केलेला चिवडा उल्काने बोटीतच फस्त केला होता. मी आपली पाव-लोणी आणि काकडीवर. काशीचं शशीला सांगायची सोय नाही, लगेच व्हिटॅमिनवर लेक्चर. म्हणून भूक नाही म्हणायची. उल्का विचारायची, “आजी, तुझा भूक कुठे गेला?” काय सांगू पोरीला, कप्पाळ!

स्वीडनमध्ये मला गाडीतून उतरताना भोवळ आली. झालं! शशी म्हणाला, “आईला मानवत नाहीये. नॉर्वे कॅन्सल, परत फिरू.” सुनीतीने नकाशाची घडी घातली. त्या नॉर्वेसाठी पोरीने दोन वर्षं सुट्ट्या साठवल्या होत्या गं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या व्रतापायी सुनेचं नॉर्वे बुडणार, आणि तिला कारणही ठाऊक नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या म्हातारीने तेवढ्यात माझ्यापुढे ताटली ठेवली. तिच्या परसातले कोवळे बटाटे, वर लोणी आणि त्यावर (तुझा विश्वास बसणार नाही) शेपू! आपला, मंडईतला शेपू! ह्यांना शेपू म्हणजे विष. मी शेपू निवडायला घेतला की हे चपला घालून बाहेर पडायचे. म्हटलं, शेपू घातलेला बटाटा ह्यांनी जन्मात खाल्ला नसता, तेव्हा हा काही मी सोडलेला बटाटा नव्हे. देवाचं नाव घेतलं आणि खाल्ला. सगळे आ वासून बघत राहिले. मग काशीचं सगळं सांगून टाकलं. शशी पोट धरून हसला, सुनीतीने नकाशा उलगडला, आणि आम्ही नॉर्वेला गेलो. डोंगर असे की मान दुखते. तिथेही रोज बटाटा, पण शेपू मागून घेत होते.

तुझी,
सुमन

ता. क. : शेपू घातलेला बटाटा व्रतात धरायचा की नाही, हे गुरुजींना विचार. माझं नाव सांगू नकोस. एक ओळखीची बाई म्हण.

ता. क. २ : पाकीट बंद करायचं राहिलं ते बरं झालं. गुरुजींना विचारू नकोस. आज सुनीतीने हौसेने बटाट्याची भाजी केली, तर पानावर शशी म्हणतो, “आई, बाबांना कुठे आवडायचा बटाटा? तुला आवडतो, पण एकटीसाठी तू केला नसतास, म्हणून ते मागून मागून घ्यायचे.” मला रडूही आलं आणि रागही. इतकी वर्षं ह्यांनी मला सांगितलं का नाही? ताई, तू आमच्याकडे राहायला यायचीस, शेजारच्या पानावर जेवायचीस. ह्यांना आवडायची ना गं माझी भाजी? खरं असेल तेच लिही. आणि लवकर लिही, सुनीतीने मोठी पिशवी भरून बटाटे आणून ठेवले आहेत.