घरी बसून नको

रत्नागिरी,
२९ जून २०२५

प्रिय हौसा,
सप्रेम जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? सानवीचा ताप उतरला असेल. स्वरूप आणि दर्शनाला माझा आशीर्वाद सांग. इकडे मी बरी आहे. पाऊस नेमाने पडतोय, विहीर वरपर्यंत आली. केरूदादाने शेजारून येऊन शेवटचा फणस उतरवून दिला. एकटीला अख्खा फणस संपतो कुठे, अर्धा त्याच्याच घरी पाठवला.

बातमी अशी, की मला एम.ए.ला प्रवेश मिळाला. पाली आणि प्राचीन भारतीय संस्कृती. हसू नकोस. आपण आईचं बोट धरून विहारात जायचो तेव्हापासून वंदना तोंडपाठ आहे, पण एकेक शब्द सुटा करून विचारला तर मला सांगता येत नाही. मुलांना जन्मभर सांगत आले, पाठ करू नका, समजून घ्या. आणि स्वतः काय केलं? निवृत्त झाल्यावर हे मनात फार यायला लागलं.

विद्यापीठ ठरवताना मात्र फार घोळ घातला. सगळ्यात सोपं होतं ते घरी बसून करायचं. पुस्तकं टपालाने येतात, रविवारी गावात तास, बाकी आपलं आपण. अर्ज भरून टेबलावर ठेवलाही होता. पण पोस्टात नेववेना. हौसा, हल्ली सगळं घरपोच येतं, माणूस तेवढं येत नाही. गेल्या वर्षी मी बँकेत पासबुक भरायला किती खेपा घातल्या असतील! व्यवहार काहीच नव्हता. तिथली मुलगी ‘बसा ना मॅडम’ म्हणते, म्हणून जायची.

मग मुंबई. मे महिन्यात तुमच्याकडे आले ती त्यासाठीच. तिथले सर चांगले होते, माझ्याशी नीट बोलले. स्वरूपने तर सोफा-कम-बेड आणायचंही ठरवून टाकलं. ‘मावशी, तू इथेच राहायचंस, दुसरीकडे कुठे शोधतेस?’ त्याने मनापासून म्हटलं, मला कळतं ते. लहानपणी त्याच्या वह्यांना कव्हरं मीच घातली आहेत.

पण तुला आठवतंय का, आपण भाजीला खाली उतरलो होतो, तुझी शेजारीण भेटली. तू म्हणालीस, ‘ही माझी बहीण. गावाहून आलीय.’ तू सहज बोललीस. पुढे तुमचं पाण्याच्या वेळेचं बोलणं सुरू झालं. मी पिशवी धरून उभी होते. गावाहून. तेव्हाच माझं मुंबईचं रद्द झालं. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. तुझ्याकडे राहिले असते तर मी रोज पाहुणी झाले असते, आणि पाहुणी कितीही प्रेमाची असली तरी पाहुणीच.

म्हणून पुणे. मुलाखतीला एकटीच गेले. गाडी हातखंब्याला थांबली तेव्हा वाटलं, उतरावं आणि मिळेल त्या रिक्षाने घरी परतावं. नाही उतरले. विद्यापीठात खिडकीवरच्या माणसाने विचारलं, ‘काकू, मुलीचा अर्ज का?’

‘माझाच आहे.’

त्याने माझं बी.ए.चं प्रमाणपत्र उलटंसुलटं पाहिलं. ‘वसतिगृह नाही मिळणार हां. वयाची अट आहे.’

आतल्या मॅडम माझ्या विद्यार्थिनी शोभतील एवढ्या तरुण. त्यांनी वंदना म्हणायला सांगितली, मी घडाघडा म्हटली. मग म्हणाल्या, ‘आता पहिल्या ओळीतले शब्द सोडवून दाखवा.’ मला तिसऱ्या शब्दापुढे जाता येईना. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘तुमच्याकडचं विद्यापीठ मुंबईचं. घरी बसूनही करता आलं असतं. मग इथे का?’

मी म्हटलं, ‘घरी बसून नको.’ आणि चष्मा काढून पुसायला लागले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि कागदावर सही केली.

विद्यापीठाजवळ एका बाईंच्या घरी कॉट मिळाली आहे. खोलीत आणखी दोन मुली आहेत. मी आत गेले तशा त्यांनी गाणी बंद केली. त्यांना मी त्यांच्या आयांची आठवण करून देणार, चालायचंच. केरूदादा म्हणतो, ‘ह्या वयात कशाला गो बाय, लोकांच्या पोरींत ऱ्हायला?’

घर विनोद म्हणून एक आहे, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत लागलाय, त्याला भाड्याने दिलं. लांज्याकडचा मुलगा, सभ्य आहे. बायको, आई, दोन मुलं. पुढची खोली आणि स्वयंपाकघर मी त्यांना दाखवलं. त्यांना ते पुरेना.

हौसा, त्यांना मागची खोलीही लागते. तुझी खोली मी रिकामी केली.

गोधड्या वाळवून, बांधून माळ्यावर ठेवल्यात. शिलाई मशीन केरूदादाच्या पडवीत आहे, त्याला तेल द्यायला सांगितलंय. भाऊजींचा फोटो मी बरोबर नेतेय. सानवी झाली तेव्हा तू मुंबईला गेलीस, त्या दिवसापासून तुझ्या चपला दाराशी तशाच होत्या. पावसात बुरशी धरते, म्हणून मी त्या पुसून ठेवायची. दारात दोन जोड दिसले की घरात दोघी आहेत असं वाटतं. काल त्या पिशवीत घातल्या आणि पायरीवर बसून राहिले. दिवा लावायचंही भान राहिलं नाही.

हे फोनवर सांगितलं नाही. फोनवर तू म्हणाली असतीस, ‘येते गं आक्का दिवाळीला, मग राहीनच,’ आणि मी पुन्हा थांबले असते. तू खोटं बोलत नाहीस. तुला खरंच यायचं असतं. पण तुझं घर आता तिकडे आहे, नात तिकडे आहे, आणि त्यात तुझं काहीच चुकलेलं नाही. तू येणार नाहीस हे मला कधीच कळलं होतं. ते कागदावर लिहायला मात्र आज सकाळपासून बसले आहे.

उद्या सकाळच्या गाडीने निघते. पुण्याचा पत्ता पाकिटावर आहे, उत्तर तिकडेच पाठव. रुसलीस तरी पाठव. आणि कधी आलीस, तर माझ्या कॉटशेजारी एक अंथरूण पडतं. मी बघून ठेवलंय.

तुझी,
आक्का