नदीकाठची मतं

४ नोव्हेंबर, सोमवार

अर्ज मागे घ्यायची मुदत आज संपली. बंडखोर हटला नाही. म्हणजे धनंजयची चार-पाच हजार मतं गेली — तीही आपल्याच माणसांची.

धनंजय, माझा धाकटा भाऊ, आमदारकीला उभा आहे आणि मी इथे एकटी बसून त्याचा अंदाज काढते आहे. त्याच्या घरी जाऊन काढता येत नाही. तिथे सगळेच म्हणतात, ताई, आपण निवडून आलोच.

मला तसं दिसत नाही. शहर अर्धं-अर्धं. हायवेकडची गावं धनंजयची, जंगलाकडची तुलारामजींची. तुलारामजी दोनदा आमदार. जावयाला रस्त्याचे ठेके दिले, रस्ता एका पावसात वाहून गेला. पण त्याने मतं हलणार नाहीत, लोकांना ते केव्हाचं माहीत आहे.

धनंजयचं प्रकरण वेगळं. पुराच्या साली तो जिल्हा परिषदेत होता. बचावाची बोट त्याने गावाकडे न पाठवता स्वतःच्या राइस मिलकडे वळवली, पोती काढायला. आणि तेवढ्यात नदीकाठी, कारध्याच्या पुढच्या गावात धनीराम नावाचा ढीवर, मासेमार, घराच्या भिंतीखाली गेला — असं तुलारामजी प्रत्येक सभेत सांगतात. धनंजय म्हणतो, बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. तो माझ्याशी खोटं बोलणार नाही.

पण लोक हलले आहेत. नदीकाठची गावं ज्याच्याकडे जातील तो निवडून येईल. आज विचाराल तर धनंजय पडतो.

७ नोव्हेंबर

धनंजय सकाळीच आला. चप्पल न काढता ओसरीवर बसला. डोळे लाल, आवाज बसलेला.

“ताई, धनीरामची बायको तुझं ऐकते.”

“गुणाबाई? मग?”

“तिनं एकदा स्टेजवर म्हणावं की माझा दोष नाही. विषय संपला.”

मी म्हटलं, तू स्वतः जा. म्हणाला, “मी गेलो तर दारही उघडणार नाही. तू तिची बाळंतपणं केली आहेस.”

खरं आहे. तिन्ही केली. आई म्हणाली असती तसंच म्हणाला जाताना — एकच भाऊ आहे तुले.

९ नोव्हेंबर

गेले होते. गुणाबाई दारात जाळं विणत होती. पडलेल्या घराची अर्धी भिंत अजून उभी आहे, तिच्यावर दोडक्याचा वेल चढवलाय. शेजारी घरकुलाची एक खोली झाली आहे, प्लास्टर नाही. मला पाहिल्यावर तिने जाळं बाजूला टाकलं, खुर्ची पदराने पुसली.

तिची नातवंडं, तिचे गुडघे, तळ्याचा ठेका, सगळं बोलून झालं. मग म्हटलं. इंजिन बंद पडलं होतं गं, धनंजय काय करणार? तू एकदा सांगितलंस तर लोक थांबतील.

तिने जाळं परत हातात घेतलं. मला वाटलं, हाकलून देईल.

“तुमी मनता तं येतो, नर्सबाई.”

एवढंच. वर मासे बांधून दिले. नको म्हटलं तरी दिले.

१३ नोव्हेंबर

मोठी सभा झाली. लाखनीकडून ट्रक भरून माणसं आणली होती, ते दिसतच होतं. पण पुढच्या रांगांत नदीकाठचे लोक होते आणि ते गप्प बसले होते.

गुणाबाईला धरून वर चढवलं. माइक तिच्या तोंडाशी धरला. ती म्हणाली, “साहेबाचा दोष नाई. पानीच तेवढं होतं.”

टाळ्या, फटाके. धनंजय तिच्या पाया पडला. फोटो निघाले. तिने खाली उतरताना माझा हात धरला, तिचा हात गार होता. मी म्हटलं, बरं केलंस.

१४ नोव्हेंबर

वारं फिरलं. आज विचाराल तर धनंजय, दोन हजारांनी.

१६ नोव्हेंबर

जागेश्वर बीपी दाखवायला आला. गुणाबाईच्याच गावचा मासेमार. पुरात बोटीवर वाट दाखवायला यालाच बसवलं होतं, कारण पाण्याखालची झाडं, खांब याला ठाऊक. आता धनंजयच्या प्रचाराच्या गाडीवर असतो. गळ्यात पक्षाचा दुपट्टा होता.

बीपी भयंकर वाढलेलं. विचारलं, गोळी घेत नाहीस का?

“गोळी घेतो. जेवण नाई जाऊन राहिलं. गुना स्टेजवर बोलली तवापासून.”

“काहून?”

तो दुपट्ट्याच्या टोकाशी खेळत बसला. मग म्हणाला, “बोट चालू होती, नर्सबाई. मीच होतो तिच्यावर. साहेब मने, पयले मिलकडं चाल. तीन खेपा पोती काढली. मी दोनदा मनलं का गावात लोकं छतावर हायेत. साहेब मने, अजून पानी तेवढं नाई चढलं.”

“खरं बोलतोस?”

“धनीराम माहा मावसभाऊ होता,” तो म्हणाला.

डॉक्टरांकडे जा म्हटलं, चिठ्ठी लिहून दिली.

१७ नोव्हेंबर

धनंजयच्या घरी गेले, त्याला आतल्या खोलीत बोलावून विचारलं. वाटलं होतं चिडेल, नाही म्हणेल. नाही म्हणावं अशीच इच्छा होती.

पलंगावर बसला. “तासाभराचा प्रश्न होता, ताई. वर्षभराचा तांदूळ होता गोदामात. पाणी इतकं चढेल हे कोणाला माहीत होतं?”

“जागेश्वरला माहीत होतं. त्याने दोनदा सांगितलं तुला.”

त्याने घड्याळ पाहिलं.

“आणि मला तू गुणाबाईकडे पाठवलंस.”

बाहेरून कोणीतरी हाक मारली, गाडी तयार आहे म्हणून. तो उठला, आरशात पाहून केस नीट केले. म्हणाला, “वीस तारखेनंतर बोलू.”

हे माझं पोर. आई शेतावर जायची तेव्हा मी कडेवर घेऊन शाळेत न्यायचे याला.

१८ नोव्हेंबर

गुणाबाईला जाऊन सांगितलं. मी तुला खोटं सांगून स्टेजवर नेलं, मला ठाऊक नव्हतं, पण नेलं मीच.

ती म्हणाली, “मले मालूम होतं.”

“मग चढलीस काहून?”

“तुमी पयल्यांदा काई मांगतलं, नर्सबाई. माह्या लेकरायच्या वक्ती चिखलातून आल्या तुमी. कसं नाई मनू?”

मला तिथे बसवेना. परत येताना रिक्षा घराकडे वळवली नाही. शहरातल्या वार्ताहराकडे गेले आणि माझ्या नावानिशी सगळं सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, छापू ना? छाप म्हटलं.

१९ नोव्हेंबर

छापून आलं. पहिल्या पानावर, माझ्या फोटोसह. फोन बंद करून ठेवला.

दुपारी आई रिक्षाने आली, एकटीच. या वयात. उंबऱ्याच्या आत आली नाही. “माह्या जिवंतपनी घर मोडलं तू.” तशीच त्याच रिक्षात परत गेली.

धनंजयने पत्रकारांना सांगितलं, ताईची तब्येत वर्षभर बरी नाही.

२० नोव्हेंबर

मतदान केलं. कोणाला, ते इथेही लिहीत नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

धनंजय पडला. एकोणीसशे मतांनी. नदीकाठचं एकही गाव त्याच्याकडे राहिलं नाही.

तुलारामजींची मिरवणूक या रस्त्याने गेली. मुद्दाम थांबली. त्यांची माणसं शाल आणि नारळ घेऊन आली — “साहेबांनी तुमच्यासाठी पाठवलं, ताई. तुमचे उपकार आहेत.” परत पाठवलं. भावाच्या घराकडे दिवा नाही म्हणतात. आई जेवली नाही म्हणतात.

रडले. पण रडताना आत कुठेतरी वाटत होतं की धनीरामच्या वाट्याला काहीतरी आलं. उशिरा का होईना.

२६ नोव्हेंबर

गुणाबाईकडे गेले. ती मासे साफ करत होती. मी म्हटलं, झाला गं न्याय थोडातरी.

तिने मान वर केली नाही. “त्या दिसी दोन बोटी आल्या होत्या, नर्सबाई. एक तुमच्या भावाच्या मिलकडं गेली. दुसरी तुलारामाच्या गोदामाकडं. आख्ख्या गावानं पायलं.”

“मग धनंजय का नाही बोलला हे?”

“तुलारामाचं काढलं तं त्याचं सोताचं बी निंगते. मंग इंजिनाचं खोटं टिकते का?”

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस?

“तुमी एकाच बोटीचं इचारत होत्या.”