नळ दुरुस्त झाला, खोली सोडायचं सांगायचं राहिलं

ताई, तुझ्या पाया पडते. तीन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही. बाळीमुळे नाही गं, ती ढाराढूर झोपते. येत्या रविवारी ही खोली सोडायचीय आणि घरमालकीणबाईंना अजून त्याचा पत्ताच नाही. तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला गेला का?

झालं असं, की ह्यांची बदली झाली. महिनाभर आधी कळवायचं ठरलेलं, म्हणून ह्यांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली, "खाली नेऊन दे" म्हणाले आणि गेले नव्या कामावर (घरातला एकुलता एक फोन खिशात घालून). मी गेले खाली. बाई म्हणाल्या, "चष्मा सापडत नाही, तूच वाच बाई." मी चौथी शिकलेली, पण एवढं येतं मला. 'खोली सोडत आहोत' इथवर आले आणि वर बघितलं, तर त्या बाळीची नखं कापत होत्या, एकेक बोट फुंकर घालून. माझ्या तोंडून निघालं, "मोरीतला नळ गळतोय."

दुसऱ्या दिवशी नळवाला हजर! मग म्हटलं, आज सांगतेच. गेले, आणि खिडकीची कडी तुटलीय एवढंच सांगून आले. सुतार आला. तिसऱ्या खेपेला फळी फार उंच आहे म्हटलं, तीही खाली आली. (पोपड्यांचं मी बोलले नव्हते, तरी रंगारी आला. सुतारानेच चुगली केली असणार, मेला आगाऊ.) ह्यांना दोन वर्षं कुरकुर करून जमलं नाही ते मी तीन आठवड्यांत करून घेतलं, आणि तेही निघताना! काल बाई धापा टाकत जिना चढून रंग बघायला आल्या. म्हणाल्या, "आता बाळी शाळेत जाईपर्यंत बघायला नको." मी मान डोलावली. माझ्यासारखी गाढव मीच.

तू हसशील. पण मागे बाळीला तापात झटका आला, डोळे फिरले, तेव्हा मी नुसती किंचाळत उभी होते. बाईंनी तिला कुशीवर वळवलं, गाडी बोलावली, अनवाणी दवाखान्यात आल्या. डॉक्टर म्हणाले, परत येऊ शकतो. नव्या घराच्या मजल्यावर चार दारं आहेत, चारही बंद. हे दिवसभर कामावर. मी कुणाचं दार ठोकू?

असो. काळजी करू नकोस.

तुझी धाकटी

ता.क. काळजी करू नकोस लिहिलं ते उगाच. कर.

ता.क. दुसरं. ताईला वाचता येत नाही, म्हणून जे कुणी हे तिला वाचून दाखवत असतील त्यांना हात जोडते, आमच्या दादाला फोन करा. इथला फोन बाईंच्या उशाशी, आणि वाण्याकडून केला तर मी घरी पोचायच्या आत बातमी बाईंकडे. दादाला म्हणावं, शनिवारी ये. तू काही बोलू नकोस, बाईंना मीच सांगीन. फक्त तेवढा वेळ बाळीला घेऊन बाहेर जा. तिच्यासमोर त्या रडायच्या नाहीत.