रोशाच्या तेलाचं व्याख्यान आणि माझं नाक

कोसाड, सुरत

तीर्थस्वरूप मंदाताई,

धाकट्या भिकनचा दंडवत. तुझी तब्येत, दाजींचा गुडघा आणि नंदुरबारचा उकाडा, तिन्हींची विचारपूस करतो. (उत्तरं परवाच फोनवर मिळाली आहेत, पण पत्राची रीत मोडवत नाही.) पुढचं फोनवर सांगण्यासारखं नाही. आमच्या घरी फोन एकाच्या कानाला असतो आणि ऐकतात सगळे.

तुझी भाचेसून हर्षदा मोबाइलवर सुगंधी तेलांचा क्लास शिकली. तेव्हापासून घरात डोकं दुखलं तर गोळी मिळत नाही, इतिहास मिळतो. मिसर देशातले लोक मढ्याला सुगंधी तेलं लावत. (आमच्या मिलमध्ये जिवंत माणसाला साबण मिळत नसे, पण ते असो.) इराणातल्या हकिमांनी गुलाब उकळून अर्क काढला. फ्रान्समध्ये एका साहेबाचा हात भाजला, त्याने लव्हेंडरचं तेल लावलं, हात बरा झाला आणि पुढे त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. पोरगी हुशार आहे, जीव लावून सांगते. तिने कॉलनीच्या हॉलमध्ये बायकांसाठी कार्यक्रम ठेवला आणि मला म्हणाली, "पप्पा, रोशाच्या तेलावर तुम्हीच बोला. आजोबांची भट्टी होती ना?"

आबा भट्टीवर नुसते कामाला होते, भट्टी व्यापाऱ्याची होती, हे तुला माहीत आहे. पण व्याख्यानात मी ती आबांच्या नावावर करून टाकली. मुलाने बापाला मिळवून दिलेली तेवढी एकच इस्टेट.

बोलताना मी रंगलो. डोंगरातलं रोशाचं गवत फुलावर आलं की कापायचं, हंड्यात दाबून भरायचं, खाली जाळ, वर वाफ, नळीतून थेंब थेंब तेल. आपल्या खानदेशचं हे तेल पूर्वी मुंबईहून बोटीने तुर्कस्तानला जायचं, तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळायचं आणि गोऱ्या मडमा ते गुलाबाच्या भावाने घ्यायच्या. म्हणजे ताई, आपलं गवत परदेशात गेलं की गुलाब होतं, आणि आपण सुरतेत आलो की लेबर. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तिथेच बसलो असतो तर बरं. कोणीतरी म्हणालं, काका, तेल दाखवा. मी टेबलावरची पिवळसर बाटली उचलली, बूच काढलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि भरल्या गळ्याने सांगितलं, की हाच तो वास, आबा संध्याकाळी घरी आले की त्यांच्या अंगाला यायचा. पुढच्या रांगेतल्या शेजारच्या सरलाबेन उठून म्हणाल्या, "काका, आ तो फिनाइल छे!"

(फरशी पुसणारी सुंदरा बाटली तिथेच विसरून गेली होती.)

हॉल हसला. मीही हसलो, गंमत केली म्हणालो. तुझी भावजय उषा तेवढी हसली नाही. घरी आल्यावर तिने मला डोळे मिटायला लावले, नाकाशी डबी धरली आणि विचारलं, काय आहे? मी म्हणालो, वेलदोडा. डबी हिंगाची होती. ती खालीच बसली. "तुमले वासच येत नही का?"

नाही येत, ताई. उधन्याच्या मिलमध्ये ब्लीचच्या टाक्यांवर उभा राहायला लागलो तेव्हापासून आधी कमी झाला, मग बंदच. मिलच्या डॉक्टरने सर्दीची गोळी दिली. सुपरवायझर म्हणाला, नशीबवान आहेस, इथे नाक बंद असणं म्हणजे प्रमोशन. मी हसलो. (न हसणाऱ्याला दुसऱ्या दिवशी काम नसे.) आणि घरी सांगितलं नाही, कारण सांगून काय, मिल बदलता येत होती थोडीच.

उषाचा राग नाक गेल्याचा नाही. इतकी वर्षं कढीला फोडणी दिली की ती विचारायची, वास कसा सुटलाय? मी मान डोलवायचो. आता ती विचारत नाही. ताट सरकवते आणि निघून जाते.

हर्षदाने मात्र मला पहिला पेशंट केलंय. रोज सकाळी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरीची बाटली नाकाशी धरायची आणि वास येत नसला तरी आठवायचा. त्याने कधीकधी नाक परत येतं म्हणे. माझ्या वयाला येईल असं वाटत नाही, पण पोरगी समोर घड्याळ धरून बसते, म्हणून हुंगतो.

दाजींना नमस्कार. पत्र वाचून झालं की चुलीत घाल, त्यांच्या हाती लागलं तर ओट्यावर बसून गल्लीला वाचून दाखवतील.

तुझा, नाक नावापुरतं उरलेला,
भिकन

ता. क. हर्षदाने मागितलं तरी रोशाचं तेल पाठवू नकोस. मला ते पाणीच.

ता. क. दुसरा. पत्र खरं तर यासाठी लिहिलं. सकाळी बसलो की गुलाब आठवतो, लवंग आठवते, आबा आठवत नाहीत. चेहरा आठवतो, वास नाही. त्यांची घोंगडी तुझ्या पेटीत आहे, तिला अजून वास येतो असं तू दिवाळीत म्हणालीस. एकदा नाकाशी धर आणि कसा आहे ते मला लिहून कळव. नुसतं "चांगला" लिहू नकोस. सावकाश लिही, सुचेल तसं. पेटीचं झाकण मात्र लगेच लाव. उगाच उडून जायला नको.