पोरांना दाखवलेला किगोझी

सेमुतो,
३ ऑगस्ट २००३

चि. रॉबिनास आत्याचा आशीर्वाद, आणि सातव्या महिन्यात स्टुलावर चढून खिडक्या पुसू नयेत ही ताकीद.

बातमी आहे. जज्जा एझेरा अखेर तयार झाले. बंडखोरांच्या लढाईत तुझ्या बापाला सैनिकांनी नेलं त्याला वीस वर्षं झाली. प्रेत मिळालं नाही, एवढ्यावर कुळातल्या या आजोबांनी त्याचा शेवटचा विधी आजवर अडवून धरला होता. त्यांचं म्हणणं तुला पाठ आहे: किगोझी मेला नाही, पळाला, बायकोपोरं टाकून मोम्बासाला दुकान थाटून बसला. पळालेल्याचा वारस कुळ बसवत नाही, आणि ज्याचा वारस नाही त्याचं नाव घरात पुन्हा कुणाला ठेवत नाहीत. आता १३ सप्टेंबर, शनिवार ठरला आहे. वडीलधारे आधी ऐकून घेतील, मग इरीसाला झाडाच्या सालीचं वस्त्र नेसवून वारस म्हणून बसवायचं की नाही ते ठरवतील. तुझा भाऊ आत्तापासूनच घाबरून अर्धा झाला आहे.

बोलणार मीच. एक फोटोसुद्धा हाताशी नाही. होते ते घराबरोबर जळाले.

शेजारणी विचारतात, भाची नैरोबीला काय करते. मी सांगते, कचेरीत असते. चित्रं हलवून पगार घेते हे कसं सांगू? तुझी ती मलेरियाची जाहिरात दवाखान्यातल्या टीव्हीवर पाहिली. डासाने चष्मा का लावला होता हे मला अजून कळलेलं नाही. रांगेतली पोरं मात्र खूश होती.

लोह असलेल्या गोळ्या घे. माया आहेच, ती बोलून दाखवायची मला सवय नाही.

तुझी आत्या,
एसेझा

—

नैरोबी,
२१ ऑगस्ट २००३

ती. आत्याबाईंना गुडघे टेकून नमस्कार. पोट आड येतं म्हणून तूर्त मनातल्या मनात टेकले आहेत. एवढी सूट द्यावी.

डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली आहे. मी तेराला येऊ शकत नाही. माझ्याऐवजी लुबेगाच्या टॅक्सीतून ही तबकडी पाठवते आहे. बावीस मिनिटांचा सिनेमा आहे, सगळा हाताने काढलेला. तीन वर्षं कामावरून आल्यावर हेच करत होते. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही डासाच्या चष्म्यावर गेला असतात.

वोबुलेन्झीला सायकली दुरुस्त करणारे ब्लासिओ म्हणून होते. बाबांना नेलं त्याच ट्रकमध्ये तेही होते, आणि वाटेत उडी टाकून वाचले. चार वर्षं त्यांच्याकडे खेटे घातले. कॅमेरा काढला की ते गप्प. कागदावर काही लिहून देणार नाही, चेहरा दाखवणार नाही, एवढंच म्हणायचे. एकदा मी वही काढून नुसता ट्रक काढायला लागले, तर म्हणाले की चाकं अशी नव्हती. पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि बोलायला लागले. पुढे सगळं त्यांनी तसंच सांगितलं: मी काढायचं, त्यांनी खोडायचं. फेब्रुवारीत ते वारले. सिनेमातला आवाज त्यांचाच आहे. बाबांचा चेहरा तुम्ही सांगितलात तसा आहे, डावी भुवई मधोमध तुटलेली.

ते काय म्हणाले हे इथे लिहीत नाही. पत्र चार हातांतून जातं, आणि ही गोष्ट आपल्या गावातल्याच एका घराची आहे. पण आत्या, साक्ष आहे ही. व्हिडिओ हॉलवाल्याकडून जनरेटर आणि पडदा भाड्याने आणा. निर्णयाच्या आधी वडीलधाऱ्यांना समोर बसवून दाखवा, आणि बावीस मिनिटं कुणाला उठू देऊ नका. तुमच्या शाळेत कोण उठायचं?

इरीसाला सांभाळा. मला धाक दाखवत राहा, त्याशिवाय करमत नाही.

तुमची,
रॉबिना

—

सेमुतो,
१५ सप्टेंबर २००३

चि. रॉबिनास आशीर्वाद.

वाईट बातमी आधी सांगते. निकाल आपल्याविरुद्ध गेला. मी पाऊण तास बोलले. तुझ्या बापाची शाळेतली हजेरी, चर्चमधली सेवा, तुझ्या आईचे हाल, सगळं मांडलं. जज्जा एझेरांनी डोळे मिटून ऐकलं आणि शेवटी विचारलं की एसेझा, तू त्याला मरताना पाहिलंस का? दुसऱ्या कुणी पाहिलं का? मग ते म्हणाले की चांगला माणूसही पळतो. पळणाऱ्यांत चांगलेच जास्त असतात. लोक हसले. इरीसाला चटईवरून उठवलं. त्याच्यासाठी आणलेलं वस्त्र घडी न मोडता परत गेलं. सुतक मात्र रीतसर उठवलं, म्हणजे हा विषय आता कायमचा मिटला.

तुझ्या सिनेमाबद्दल. रागावू नकोस, पण तो मी सभेत लावला नाही. मी सदतीस वर्षं शाळा चालवली आहे. कुठल्या सभेत काय शोभतं ते मला समजतं. मृताच्या विधीला, सालीची वस्त्रं नेसून बसलेल्या म्हाताऱ्यांपुढे रंगीत बाहुल्या नाचवल्या असत्या तर ते आपल्याला हसले असते. साक्ष असेल तर तिच्यावर सही असते, तिला रंग देत नाहीत. इरीसाने सकाळी दोनदा विचारलं की ताईचा सिनेमा कधी. मी त्याला सांगितलं की वारसाने आज तोंड उघडायचं नसतं.

तुझी मेहनत वाया गेली असं मात्र समजू नकोस. चाळीस पोरं पायात येत होती. स्वयंपाकाच्या मागे, केळीच्या बागेत ताडपत्री बांधली आणि तिथे त्यांना तो लावून दिला. व्हिडिओ हॉलचा व्हीजे, परदेशी सिनेमे चालू असताना माइकवर आपल्या भाषेत सांगणारा, होताच. तुझी पात्रं आपल्याच भाषेत बोलतात हे मी त्याला सांगितलं, पण तो म्हणाला की व्हीजेशिवाय सिनेमा म्हणजे मिठाशिवाय केळ्यांचं माटोके. आवाज बंद करून, नेहमीसारखा माइक घेऊन त्याने पदरचंच सांगितलं. पोरं इतकी हसत होती की सभेतून दोनदा निरोप पाठवावा लागला.

इरीसा दोन दिवस जेवलेला नाही. तू तरी नीट जेव.

तुझी आत्या,
एसेझा

—

नैरोबी,
२४ सप्टेंबर २००३

आत्याबाईंना नमस्कार.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं.

इथल्या एका महोत्सवाला हाच सिनेमा पाठवला होता. त्यांच्या अर्जात हाताने काढलेल्या सिनेमासाठी दोनच चौकटी होत्या: वय तीन ते सहा आणि वय सात ते बारा. मी दोन्ही कोऱ्या ठेवल्या, तर अर्ज अपुरा म्हणून परत आला. तेव्हा मी हसले होते. मनात म्हटलं, हे परके आहेत. घरी माझी आत्या आहे. ती निदान बघेल तरी.

तुम्ही स्वतः पाहिलात का? तुमच्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही.

रॉबिना

—

सेमुतो,
१२ ऑक्टोबर २००३

चि. रॉबिना,

आशीर्वाद द्यायचा माझा अधिकार उरला आहे की नाही ते तू ठरव. मी आपली रीत पाळते.

नव्हता पाहिला. तुझं पत्र येण्याच्या आदल्याच दिवशी जज्जा एझेरांची नात नामुतेबी पाणी घेऊन आली होती. आठ वर्षांची आहे. घागर उतरवता उतरवता तिने विचारलं की त्या भुवई तुटलेल्या माणसाने खोटं का सांगितलं? कुठल्या माणसाने, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, सिनेमातल्या. जंगलातल्या बंडखोरांना जेवण तर आमच्या घरातून जात होतं, फणसाच्या झाडाचं आणि चिरलेल्या टाकीचं घर आमचंच. मग सैनिकांनी विचारल्यावर मी दिलं, मी दिलं असं तो छातीला हात लावून का दाखवत होता? आणि व्हीजेकाका तेव्हा, बघा कसा फुकट खाऊन पळाला, असं का म्हणाले?

मी हातातलं काम ठेवलं आणि छत्री, तबकडी घेऊन बाजारातल्या व्हिडिओ हॉलमध्ये गेले. व्हीजेला दटावून बाहेर बसवलं, आवाज मोठा करायला लावला आणि रिकाम्या बाकांवर एकटीने बावीस मिनिटं बसले; बाहेर फटींना कान लावून पोरं ऐकत होती. ब्लासिओचा आवाज ऐकला. ट्रक पाहिला. माझा भाऊ पाहिला, रॉबिना. ओठ मिटून हसतो तसाच. त्याला कुठे पुरलं ती जागासुद्धा तू काढली आहेस. मी बी. ए. झालेली बाई. सदतीस वर्षं पोरांना शिकवलं की न वाचता पुस्तकाबद्दल बोलणारा मूर्ख असतो.

तशीच जज्जा एझेरांकडे गेले. उभ्यानेच सगळं सांगितलं आणि म्हटलं की बावीस मिनिटं द्या, पुन्हा सभा बोलवा. ते म्हणाले, उठवलेलं सुतक परत बसवत नाहीत. मग हसून म्हणाले की मकेरेरे विद्यापीठात शिकलीस आणि म्हातारपणी पोरांची कार्टूनं घेऊन दारात आलीस? फोटो असता तर गोष्ट निराळी. काढलेला माणूस काय, काढणारा वाकवेल तसा वाकतो. बाकीच्या चार वडीलधाऱ्यांकडेही गेले. एकाने चहा पाजला. एकाने विचारलं की त्यात माकड आहे का, नातवाला माकड आवडतं. पाहायला कुणी तयार नाही. तेरा तारखेला समोर बसवले असते तर रीतीखातर का होईना, उठले नसते. ती एक वेळ होती आणि ती मी घालवली. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. इरीसालाही मी हेच सांगितलं. तो कंपालाला कामाला जातो म्हणाला आणि गेला.

आज रविवार. चर्चनंतर सगळे मोठे लोक जज्जांच्या अंगणात बसले होते. मीही होते. पोरं एका बाजूला खेळत होती. बाक आडवा टाकून त्यांनी ट्रक केला होता. दोघं सैनिक झाले होते. जेवण कुणी दिलं, असं त्यांनी विचारलं, तर नामुतेबी बाकावर चढली, छातीला हात लावला आणि ओरडली की मी दिलं, मी किगोझी, त्या फणसाच्या घराकडे जाऊ नका. मोठ्या माणसांनी मान वर केली नाही. पोरांचं काहीतरी चाललं होतं. जज्जा एझेरा मात्र उठले. काठीशिवाय. अंगण ओलांडून गेले आणि त्या पोरीच्या थोबाडीत मारली.

सगळे म्हणाले की म्हातारपणाने चिडका झाला आहे. ते पोरीकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी नजर काढली नाही. त्यांना तुझा सिनेमा बघायची गरजच नव्हती, रॉबिना. त्यांना तो वीस वर्षं पाठ होता.

बाळ झालं की दोन ओळी लिही. उत्तर द्यायचं नसेल तर कोरा कागद पाठव. तुझं अक्षर पाकिटावर असेल, तेवढं पुरे.

एसेझा