अकरा नंबरची गाडी तुझ्या घरासमोर का थांबते

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. डावा गुडघा कसा आहे? (चार वर्षांत उजव्यानेही त्याचं पाहून उचल खाल्ली असेल, तर दोन्ही कसे आहेत?) इकडे सगळे खुशाल. पत्र फाडायचंच असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तुला कळवायला मी उशीर केला, आणि माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस असं तू म्हणालीस. ते मी पाळलं. पाऊल ठेवलं नाही, चाकं ठेवली. रोज दुपारी एकला तुझ्या कुंपणाला लागून जी पांढरी गाडी उभी राहते, ती आमच्या धुलाई कंपनीची अकरा नंबरची. आत दवाखान्यांच्या चादरी असतात आणि पुढे डबा खात बसलेला मी. चाळीस मिनिटं बसतो आणि जातो. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

आता झालं असं की कंपनीला डिझेलच्या बावीस गाड्या काढून विजेच्या, धूर न सोडणाऱ्या घ्यायच्या आहेत. कुठली आधी काढायची हे ठरवायला एक चष्मेवाली मुलगी आली. वयाने आपल्या नातवंडांत बसेल, पण आकड्यांत सगळ्यांची आजी. तिने प्रत्येक गाडीत साबणाच्या वडीएवढी डबी बसवली. (मी महिनाभर ती घड्याळ समजून पुसत होतो.) गाडी किती धावली, कुठे थांबली, ओझं किती होतं, सगळं त्या डबीने टिपलं. मग सर्व चालकांना बोलावून मुलीने भिंतीवर नकाशा दाखवला. बाकीच्यांच्या गाड्यांच्या बारीक रेघा, आणि माझ्या रेघेवर एके ठिकाणी शाई सांडल्यासारखा लाल डाग. मॅनेजरांनी विचारलं, इथे कुठलं गिऱ्हाईक आहे? आमच्यातला भोंगा (त्याला हळू बोलता येत नाही) मागून ओरडला, "साहेब, काकांनी या वयात सासर काढलंय!" सगळी खोली हसली. मी म्हटलं, इंजिन तापतं, थंड करायला थांबतो. मुलगी हळूच म्हणाली, "काका, इंजिनाचा ताप पण लिहिलाय डबीत. तुमचं थंडच आहे." कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहतं का, ताई?

इथवर निभावलं असतं. पण तिने पुढचा कागद काढला. गेल्या महिन्यात चार दिवस गाडी तिथे दीड-दीड तास उभी होती. तिने विचारलं, "त्या दिवसांत गाडी बिघडली होती का?" त्या चार दिवसांत तुझ्या दोरीवर एकही कपडा नव्हता. खिडकी बंद. गाडी पुढे नेववेना, आणि खाली उतरवेना. पाचव्या दिवशी दोरीवर तुझी जांभळी साडी दिसली, तेव्हा कुठे गियर पडला.

हे मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. भोंग्याने उठून मला पाणी आणून दिलं.

आईच्या वेळचंही आज सांगतो. मला वाटत होतं, सकाळपर्यंत तिला उतार पडेल, मग तुला बरी बातमीच कळवू. वाईट बातमी सांगायला माझी जीभ रेटत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी चूक ती चूकच. तुझा राग योग्य होता.

तुझा,
धाकटा

ता.क. मुलीचा हिशोब असा: विजेची गाडी माझी फेरी पुरी करायला थोडी कमी पडते, पण दुपारी चाळीस मिनिटं चार्ज झाली तर सहज पुरते. म्हणून बावीसांत पहिला नंबर माझा. चार्जिंगचं यंत्र तुझ्या कुंपणाशी बसवायला घरमालकिणीची परवानगी लागते. कागद सोबत आहे, फुलीपाशी सही कर. मीटर कंपनीचा, तुझ्या बिलात एक दिवासुद्धा वाढणार नाही.

ता.क. दोन. मुलीने दुसरी जागाही शोधली होती, मोठ्या रस्त्यावर, सावलीची, कोणाची परवानगी नको. मीच म्हटलं, ती नको.

ता.क. तीन. गाडी चार्ज होताना चालकाने आत बसायचं नाही, असा सक्त नियम आहे. ती चाळीस मिनिटं त्याने कुठे बसायचं, हे मात्र कंपनीच्या कागदात कुठेच लिहिलेलं नाही. तेवढं तू कळव.