साबणाच्या हातानं उघडणारा नळ

आई, आपली न्हाणी फोडली. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, यांना जाऊन सहा, तेव्हा कुणाला विचारायचं राहिलंच नव्हतं. तरी गवंड्यानं पहिली पहार घातली तेव्हा मी ओटीवर येऊन बसले आणि मनात आलं, सासूबाईंना कळवायला हवं होतं. सातवीतून शाळा सुटलेली सून पत्र लिहायला बसली म्हणून हसू नका. दुपारी तुम्ही सुपाऱ्या सोलायचात आणि मला वाचनालयातलं पुस्तक मोठ्यानं वाचायला लावायचात, त्यातूनच हे चार शब्द जुळवणं आलं. एखादा शब्द अडला की मी तो गाळून पुढे जायचे. तुम्ही हातातली सुपारी तशीच धरून म्हणायचात, "मागे जा." म्हणून आजही काही गाळायचं नाही असं ठरवून बसलेय. बघू कितपत जमतं.

झालं असं की दिवाळीनंतर माझा उजवा गुडघा बदलला. चार महिने पनवेलला तुमच्या नातवाकडे होते. तुम्ही गेलात तेव्हा कॉलेजात होता, आता कानापाशी पिकलाय. काही कमी केलं नाही दोघांनी. पण तिथे सकाळी उठून खिडकीतून बघावं तर समोरच्याची खिडकी. इथे वादळात आडव्या झालेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपं आता कुठे फुलोऱ्यावर यायला लागलीत, त्यांचं शिंपणं बघायला माणूस नको? मी परत जाते म्हटल्यावर दोन दिवसांनी पोरानं अट घातली. म्हणाला, जुन्या न्हाणीत तुला मी पाऊल टाकू देणार नाही. ती नवी करू, आणि मग तिथे तू कुणाचा हात न धरता आंघोळ करून दाखवायची. जमलं तर राहा. नाही तर वाडी कराराने देऊ आणि तू पनवेलला. रागानं नाही बोलला, घाबरून बोलला, म्हणून मला उलट बोलता येईना.

मग सुरू झालं नळ निवडणं. त्याच्या फोनमध्ये एकेक चित्रं होती. काळेकुट्ट नळ, छपरातून पाऊस पाडणारा फवारा, मध्ये काचेचा पडदा, आणि संडासाची टाकी म्हणे भिंतीच्या पोटात. दिसायला फार देखणं, नाही म्हणणार नाही. मी फक्त विचारलं, ही भिंतीतली टाकी गळायला लागली तर? तर म्हणे प्लंबर फरशी काढून बघेल. आपल्या प्लंबरला तीन निरोप जावे लागतात तेव्हा तो चौथ्या दिवशी उगवतो, आणि विहिरीचं पाणी वैशाखात किती मचूळ होतं ते तुम्हाला मी काय सांगू. काळ्या नळावर महिन्याभरात पांढरे चट्टे येणार. सुनेनं तेवढं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, घासायचं त्यांना आहे, आपल्याला नाही. त्यांना निवडू द्या." अशी आहे तुमची नातसून. शाळेत शिकवते, मोजकं बोलते.

त्या दिवशी मला तो दादरचा नळ आठवला. तुम्हाला आठवतो ना? माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला गेले होते आणि येताना नळ घेऊन आले, वर काचेसारखा लखलखीत गोल गोळा. आपल्याकडे नुकता पंप बसला होता, न्हाणीत नळ येणार म्हणून मी नुसती हुरळले होते. तुम्ही हातात घेऊन फिरवून बघितलात आणि म्हणालात, सुंदर आहे हो. बस. आमटीत गूळ जरा जास्त पडला तर शेजारपर्यंत ऐकू जाईल असं बोलणाऱ्या तुम्ही, त्या नळाला एका शब्दानं नावं ठेवली नाहीत. थोड्या दिवसांनी बघते तर त्या गोळ्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. मला वाटलं, गळतोय म्हणून बांधली असेल. मुंबईचे पाहुणे यायचे होते, मी ती सोडून टाकली. त्यानंतर तुम्ही पहाटे विहिरीवर आंघोळीला जायला लागलात. मी विचारलं तर म्हणालात, थंडीत विहिरीचं पाणी ताजं असताना कोमट असतं, अंगाला बरं वाटतं. ते खरंच कोमट असतं, म्हणून मी विश्वास ठेवला. तुमची बोटं तेव्हा सांध्यांत सुजायला लागली होती, गोळा हातातून निसटत होता, हे मला दोन हिवाळे कळलं नाही. मी रोज तुमच्या हातचा चहा घेत होते आणि मला तुमचे हात दिसत नव्हते.

मग नळाला खाऱ्या पाण्यानं खाल्लं, गोळा एक दिवस माझ्याच हातात आला, आणि आपण दोघी एसटीनं श्रीवर्धनला गेलो. दुकानात मी पुन्हा चमक बघत होते. तुम्ही दुकानदाराकडे साबणाची वडी मागितलीत. तो बघतच राहिला. तुम्ही त्याच्या माठातलं पाणी घेऊन हातांना फेस केलात आणि मांडलेले नळ एकेक करून फिरवायला लागलात. मला लाज वाटून मी रस्त्याकडे बघत उभी. तेव्हा तुम्ही म्हणालात, "अगो, नळ कोरड्या हातानं काय बघतेस? न्हाणीत हात कधी कोरडा असतो?" आणि लांब दांडीचा, जड पितळेचा एक नळ उचललात, मनगटानं ढकलला तरी उघडेल असा. दिसायला अगदीच बेंगरूळ. परत येताना एसटीत तो मांडीवर घेऊन बसले होते आणि तेव्हा मला चिंधी कळली. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होतात. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून तुमची आंघोळ पुन्हा न्हाणीत.

तो नळ तीस वर्षं चालला. अधूनमधून आतली चकती बदलायची, ती मी स्वतः शिकले, पाना घेऊन बसायचं की पाच मिनिटांचं काम. आता तो वाडीत धुण्याच्या दगडाशी बसवून घेतलाय, अजून थेंब गळत नाही.

तर या खेपेला मीही पिशवीत साबण घालून श्रीवर्धनला गेले. दुकान तेच, म्हाताऱ्याचा मुलगा बसतो आता. कुवेतला राहून आलाय, दुकान आरशासारखं केलंय. मी साबण काढल्यावर म्हणाला, "काकी, नळ बघताय की बाळंतीण न्हाऊ घालताय?" मी म्हटलं, तुझ्या अब्बांनी माझ्या सासूला माठातलं पाणी दिलं होतं, तू निदान बेसिन दाखव. मग हसत हसत त्यानं सगळे नळ काढले, आणि त्यालाही नाद लागला, आपणच हाताला फेस लावून बघायला लागला. म्हणाला, बारा वर्षं विकतोय, पण असा कधी उघडून बघितला नव्हता. पितळेचा, लांब दांडीचा, हाताला वजन लागणारा, ज्याच्या चकत्या त्याच्याकडेच मिळतात असा नळ घेतला. टाकी भिंतीबाहेरची, झाकण उचललं की आतलं सगळं दिसणारी. कमोड जमिनीवर नीट बसणारं. काचेच्या पडद्याऐवजी नुसती ढाळ दिलेली जमीन, फरशी खरखरीत आणि राखाडी, म्हणजे क्षार बसला तरी डोळ्यांत खुपणार नाही. गवंड्यानं फरशी बसवल्यावर मी तुमच्यासारखीच कोपऱ्यात कळशीभर पाणी ओतून बघत बसले. उंबऱ्यापाशी ओंजळभर थांबलं. त्याला तेवढ्या दोन फरश्या उचलायला लावल्या. तो पुटपुटला, पुटपुटू दे. पाणी अजून पूर्वीसारखंच केळीच्या बुंध्याशी जातं.

एकाच गोष्टीवरून वाजलं. पोराला भिंतीला धरायचा दांडा हवा होता. मी साफ नाही म्हटलं. दवाखान्यात असतात तसले दांडे माझ्या न्हाणीत नकोत, पाहुणे बघतील, म्हणतील म्हातारी गेली कामातून. तो तावातावानं बोलत राहिला, मीही हटले नाही. सून मध्ये पडली नाही. प्लंबर शेवटच्या दिवशी आला तेव्हा मी वाडीत होते, परत येऊन बघते तर नळाच्या बाजूला, बरोबर माझ्या कमरेच्या उंचीवर, स्टीलचा जाड दांडा. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, टॉवेल टाकायला लागेलच ना काहीतरी.

रविवारी सकाळी परीक्षा. पोरगा बाहेर खुर्ची टाकून बसला, दर दोन मिनिटांनी हाक मारत होता. मी आत ओ देत होते आणि पाणी घेत होते. नळ मनगटानं उघडला, बादली भरली, स्टुलावर बसून सगळं नीट झालं. उठताना मात्र नवा गुडघा सरळ होईना. एका क्षणात पनवेलची ती खिडकी डोळ्यांसमोर आली. मी त्या दांड्याला दोन्ही हातांनी धरलं, आई, आणि डोळे मिटून उभी राहिले. तो हलला नाही. मग मी उभी झाले, अंग पुसलं, केस बांधले आणि बाहेर आले. पोरानं विचारलं, दांडा लागला का? मी म्हटलं, टॉवेलला बरा आहे. त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि चहा मागितला. मी इथेच राहणार हे ठरलं.

सून तेवढ्यात न्हाणीत डोकावून आली. दांड्यावर टॉवेल नव्हता, माझ्या दोन्ही हातांचा साबण तसाच लागलेला होता. दुपारी निघायच्या आधी तिनं प्लंबरला फोन करून बोलावलं, आणि आश्चर्य म्हणजे तो त्याच दिवशी आला. तिनं समोरच्या भिंतीवर टॉवेलसाठी वेगळी खुंटी ठोकून घेतली.

गाडी गेल्यावर मी बराच वेळ ती खुंटी बघत उभी होते. मला चिंधी कळायला दोन हिवाळे लागले, तिला एक सकाळ पुरली. हे तिला सांगायला हवं, मला माहीत आहे. फोन हातात घेतला होता. पण दांडा मी दोन्ही हातांनी धरला, हे आज तरी फक्त तुम्हाला सांगता येतंय.